मोकळ्या रानात चरणारी कोंबडी: पाळण्याचा आणि खाण्याचा खरा लाभ किती?

कातळावरचे घर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यात आमचे जुने घर आहे आणि घराला लागून साधारण २० गुंठे जमीन आहे. वरच्या अंगाला हापूस व काजूची झाडे आहेत. खालचा भाग मोकळा असून तेथे जूनपासून दिवाळीपर्यंत गुडघाभर गवत असते आणि शिमग्याच्या सुमारास तो पूर्णपणे वाळून जातो. यजमानांच्या निवृत्तीनंतर आम्ही मुंबई सोडून येथे कायमचे राहण्यास आलो आहोत. घरापुरत्या, आणि जमल्यास वाडीत विकता येतील इतक्या, कोंबड्या मोकळ्या सोडून पाळण्याचा आमचा विचार आहे.

माझ्या सासूबाई सांगतात की पूर्वी आमच्या वाडीत प्रत्येक घरी पाच-दहा कोंबड्या असत, त्या दिवसभर परसात आणि उकिरड्यावर चरत आणि दिवेलागणीला आपोआप खुराड्यात परतत. आज त्याच वाडीत रविवारी तालुक्याच्या गावाहून ब्रॉयलर आणले जाते. गावरान कोंबडी मिळालीच तर तिची किंमत ब्रॉयलरच्या दुपटी-तिपटीने मोजावी लागते, आणि ती खरोखर मोकळी वाढलेली आहे की नाही हे कोणी सांगू शकत नाही.

मला मुख्यतः हे जाणून घ्यायचे आहे की मोकळ्या चरणाऱ्या कोंबडीच्या मांसात आणि अंड्यात पोषणाच्या दृष्टीने खरोखर काही अधिक असते का, की तो केवळ चवीचा आणि आठवणींचा भाग आहे. त्याबरोबरच, कोकणातील पाऊस, मुंगूस, घार आणि उन्हाळ्यातील रोग यांचा विचार करता हे पालन आमच्यासारख्या साठीच्या दांपत्याला झेपेल का आणि कोणत्या जातीपासून सुरुवात करावी, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.


निवृत्त पशुवैद्यक, सांगली

ताई, नमस्कार. आपला प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर बरेचदा जातीच्या नावात शोधले जाते, तेथेच गोंधळ होतो. कोंबडीच्या मांसात आणि अंड्यात जो फरक पडतो तो प्रामुख्याने चार गोष्टींमुळे पडतो: तिने काय खाल्ले, तिला किती ऊन मिळाले, ती किती चालली आणि ती किती महिन्यांची होऊन ताटात आली. अस्सल देशी कोंबडी पिंजऱ्यात कोंडून पोत्यातले खाद्य घालून वाढवली, तर तिला गावरान म्हणता येईल, परंतु आपण ज्या लाभाविषयी विचारत आहात तो तिच्यात फारसा उतरणार नाही. उलट एखादी सुधारित जात गवतात, पालापाचोळ्यात आणि उन्हात वाढली तर त्यातला बराचसा लाभ तिच्यापासून मिळू शकतो.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. ब्रॉयलरला वाढीसाठी हार्मोनची इंजेक्शने देतात असे गावोगावी सांगितले जाते, ते खरे नाही. ब्रॉयलर ३५ ते ४२ दिवसांत दोन किलोंच्या पुढे जातो तो अनेक पिढ्यांच्या निवडीमुळे आणि संतुलित खाद्यामुळे. हजारो पक्ष्यांना रोज इंजेक्शन देणे कोणत्याही पोल्ट्रीवाल्याला परवडणारे नाही. चिंतेची बाब आहे ती प्रतिजैविकांची. दाटीने ठेवलेल्या पक्ष्यांत रोग लवकर पसरतो, म्हणून खाद्यातून प्रतिजैविके देण्याची पद्धत पडली, आणि माणसांसाठी अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेले कोलिस्टिनसुद्धा कोंबड्यांच्या खाद्यात जाऊ लागले होते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत त्याच्या वापरावर बंदी घातली. आपल्या परसातील २०-२५ कोंबड्यांना वाढीसाठी अशी औषधे देण्याचे काहीच कारण उरत नाही, आणि माझ्या मते घरच्या कोंबडीचा सर्वांत निर्विवाद लाभ हाच आहे की तिने जन्मापासून काय खाल्ले हे आपल्याला ठाऊक असते.

आता जातीविषयी. अस्सल गावरान कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ७० अंडी देते. पुष्कळांना हा तिचा दोष वाटतो, पण त्यामागचे कारण पाहावे. ती १२-१५ अंडी घालते, मग खुडूक होते, २१ दिवस अंड्यांवर बसते आणि त्यानंतर दोन-अडीच महिने पिल्लांना घेऊन हिंडते. वर्षाचा मोठा भाग ती आईपणात घालवते आणि त्यामुळेच पिल्लांसाठी आपल्याला हॅचरीच्या दारात उभे राहावे लागत नाही. घार दिसताच विशिष्ट आवाज काढून पिल्लांना झुडपाखाली नेणारी कोंबडी डोंगराळ वाडीत फार मोलाची असते.

सुधारित जातींपैकी बंगळुरूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झालेली गिरिराज, तसेच हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या वनराज आणि ग्रामप्रिया या परसातील पालनासाठीच विकसित झालेल्या आहेत. गिरिराज आणि वनराज अंगाने भारी असून मांसासाठी उत्तम आहेत. ग्रामप्रिया हलकी असून अंड्यांसाठी अधिक चांगली आहे. मात्र या जाती सहसा खुडूक होत नाहीत, त्यामुळे पिल्ले दर वेळी बाहेरून आणावी लागतात, आणि भारी अंगाचा पक्षी कुत्र्यापासून उडून बचाव करू शकत नाही. त्यांच्यापासून घरी पुढची पिढी काढली तर तिच्यात मूळचे गुण पूर्णपणे टिकत नाहीत, हेही लक्षात असू द्यावे. मध्य प्रदेशातील झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि ती उत्तम, काटक जात आहे. परंतु तिच्या मांसाने मधुमेह किंवा हृदयविकार बरा होतो असे जे दावे केले जातात, त्यांवर विसंबून दुप्पट पैसे मोजू नयेत. आपल्या परिस्थितीत मी १० गावरान तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या), एक चपळ कोंबडा आणि सोबत १० ग्रामप्रिया असा मिश्र कळप सुचवेन. गावरान कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली आपल्याला हवी ती अंडी ठेवता येतात.

रोगांविषयी मात्र स्पष्टपणे लिहितो, कारण मोकळी कोंबडी आपोआप निरोगी राहते हा समज सर्वांत महाग पडतो. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, आली की चार दिवसांत अख्खे खुराडे रिकामे होते, आणि हा रोग आपल्याकडे उन्हाळ्यात विशेष जोर करतो. पिल्लू पाच-सात दिवसांचे असताना डोळ्यात किंवा नाकात लासोटा या मानमोडीवरील लसीचा एक थेंब, दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस गंबोरो या पिल्लांच्या विषाणुजन्य रोगाची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या दरम्यान देवीची लस आणि आठव्या आठवड्यात मानमोडीची इंजेक्शनद्वारे द्यायची लस, असा साधारण क्रम ठेवावा. यात अडचण अशी असते की लसीची कुपी किमान १०० मात्रांची येते आणि एकदा विरघळवल्यावर ती बर्फात ठेवून दोन तासांच्या आत संपवावी लागते. यास्तव वाडीतील पाच-सहा घरांनी एकाच दिवशी लसीकरण करणे शहाणपणाचे ठरते. त्यात आपला खर्च तर वाचतोच, शिवाय शेजारच्या कोंबड्या सुरक्षित राहिल्याशिवाय आपल्या कोंबड्या सुरक्षित राहत नाहीत.

कोकणातील पावसाळ्यात खरा शत्रू ओलावा आहे. खुराडे जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच, पायांवर उभे असावे, पावसाच्या माऱ्याच्या बाजूने बंद आणि दुसऱ्या बाजूने जाळीचे असावे, आणि प्रत्येक पक्ष्याला रात्री किमान दीड ते दोन चौरस फूट जागा मिळावी. तळाशी भाताच्या तुसाचा जाड थर घालून तो दोन दिवसांआड हलवावा आणि अधूनमधून त्यात चुना मिसळावा, कारण ओल्या तुसात पिल्लांना रक्ती हगवण लागण्यास वेळ लागत नाही. जंतांचे औषध दर दोन-तीन महिन्यांनी द्यावे. जाळी घेताना केवळ मोठ्या भोकांची कोंबडीजाळी घेऊ नये. मुंगसाचे पिल्लूही शिरू शकणार नाही अशी बारीक वेल्डमेश घ्यावी आणि ती तळालाही लावावी, म्हणजे सापाचाही बंदोबस्त होतो.


तापीकाठ, नंदुरबार जिल्हा

कातळावरच्या ताईंना नमस्कार. डॉक्टरसाहेबांनी शास्त्र सांगितलेच आहे. मी आणि आमच्या पाड्यावरील बायका अनेक वर्षे कोंबड्या पाळत आहोत, त्यामुळे रोजच्या कामाविषयी आणि विक्रीविषयी लिहिते.

चाऱ्याची चिंता आपण फार करू नये. मोकळ्या कोंबडीला आम्ही सकाळी थोडेसे आणि संध्याकाळी खुराड्यात शिरताना मूठभर, असे मिळून दिवसाला ३०-४० ग्रॅम धान्य देतो: ज्वारी, मक्याचा भरडा, तांदळाची कणी, जे घरात असेल ते. संध्याकाळचा दाणा चुकवू नये, कारण त्याच ओढीने सगळ्या वेळेवर घरी येतात आणि मोजता येतात. बाकीचे पोट ती किडे, अळ्या, कोवळे गवत, गवताचे बी आणि गोठ्यातले सांडलेले दाणे यांवर भरते. गोठ्यात हिंडणाऱ्या कोंबड्या गुरांच्या अंगावरून पडलेले गोचीड टिपतात आणि शेणातल्या माशीच्या अळ्या खातात, त्यामुळे ज्यांच्याकडे गाय आहे त्यांना हा दुहेरी उपयोग आहे. आपल्याकडे आंबा आहे, तर खाली गळून सडलेली फळे आणि त्यांतली फळमाशीची अळी खाण्यासाठी कोंबड्यांइतका चांगला मजूर मिळणार नाही.

पिल्लांना प्रथिने लागतात आणि त्यासाठी आम्ही वाळवी गोळा करतो. एका मडक्यात ओले शेण, जुने गोणपाट आणि मक्याची बिट्टी भरून ते मडके संध्याकाळी वाळवीच्या वारुळाजवळ उपडे ठेवतो, सकाळी ते वाळवीने भरलेले असते आणि पिल्लांपुढे झटकले की क्षणात फस्त होते. अंडी देणाऱ्या कोंबडीला कवचासाठी चुना लागतो. आपण समुद्राच्या जिल्ह्यात आहात, तेव्हा शिंपल्या भाजून व कुटून ठेवाव्यात.

अंड्यांवर बसवताना कोंबडी लहान असेल तर ९-१० आणि मोठी असेल तर १२ यांपेक्षा अधिक अंडी ठेवू नयेत, कारण कडेची अंडी थंड पडतात. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात टॉर्चसमोर अंडे धरून पाहावे. ज्यात लाल शिरांचे जाळे दिसते ते ठेवावे आणि जे स्वच्छ दिसते ते काढून टाकावे. पिल्ले निघाल्यावर पहिले तीन आठवडे आईसह डालग्याखाली ठेवावीत. घार आणि कावळा यांचे सर्वाधिक बळी याच वयाचे असतात.

विक्रीचे म्हणाल तर गावरान पक्षी आमच्याकडे आठवडे बाजारात वजनावर क्वचितच विकला जातो. माणूस तो हातात उचलून पाहतो आणि नगावर भाव ठरतो. आखाडात मागणी सर्वांत जास्त असते आणि श्रावण लागला की महिनाभर बाजार थंड पडतो. गावरान नर विक्रीयोग्य होण्यास पाच-सहा महिने लागतात, म्हणून आम्ही डिसेंबर-जानेवारीत जास्तीत जास्त कोंबड्या बसवतो. त्या हवामानात अंडी चांगली फुटतात आणि पक्षी आषाढापर्यंत तयार होतात. मात्र असे केले की तीच पिल्ले ऐन उन्हाळ्यातून पार पडणार असतात, म्हणून त्यांची मानमोडीची लस वेळच्या वेळी पूर्ण झालीच पाहिजे. आपल्याकडे शिमगा आणि गौरी-गणपतीला चाकरमानी येतात, त्या हिशेबाने आपल्याला वेगळे वेळापत्रक आखता येईल.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. आमच्या भागातील नवापूरला फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील पहिली बर्ड फ्लूची नोंद झाली, आणि त्या वेळी मोठ्या पोल्ट्र्यांबरोबर आजूबाजूच्या गावांतील घरगुती कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. तेव्हापासून बाजारातून आणलेला पक्षी आम्ही थेट कळपात सोडत नाही. तो दोन-तीन आठवडे वेगळ्या डालग्यात राहतो. कोंबड्या अचानक मरू लागल्या तर त्या नाल्यात न टाकता खड्ड्यात चुना घालून पुराव्यात आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

आमच्या पाड्यावर कोंबडीचा पैसा हा बाईचा पैसा असतो. मुलाची फी असो, दवाखाना असो किंवा माहेरी जाण्याचे भाडे असो, त्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. पोषणाच्या लाभाइतकाच हा लाभही मला मोठा वाटतो. पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागाकडून अनुदानावर तलंगांचे गट आणि एकदिवसीय पिल्ले देण्याच्या योजना असतात, त्यांची चौकशी आपण अवश्य करावी.


आहारशास्त्राची अभ्यासक, पुणे

मूळ प्रश्नातील पोषणाच्या भागाकडे वळते, कारण या विषयात अतिशयोक्ती फार होते आणि तिच्यामुळे खऱ्या लाभावरचाही विश्वास उडतो.

प्रथिनांच्या बाबतीत फरक जवळजवळ नाही. मध्यम आकाराच्या अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, मग ते पिंजऱ्यातील कोंबडीचे असो वा परसातील. गावरान अंडे आकाराने लहान असल्यामुळे नगामागे उलट थोडी कमीच मिळतात. कोलेस्टेरॉलही दोन्हींत साधारण सारखेच असते. फरक पडतो तो स्निग्धांशाच्या प्रकारात आणि स्निग्धांशात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांत. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गवतावर चरणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांत पिंजऱ्यातील कोंबड्यांच्या तुलनेत ई जीवनसत्त्व सुमारे दुप्पट आणि ओमेगा-३ मेदाम्ले दुपटीहून अधिक आढळली. जर्मनीतील हाले येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी असे दाखवले की बाहेर उन्हात फिरणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांच्या बलकात आतच ठेवलेल्या कोंबड्यांपेक्षा ड जीवनसत्त्व तिपटीहून अधिक असते. कोंबडीही आपल्याप्रमाणेच उन्हातून ते तयार करते, आणि तिच्या पायांची व डोक्याची उघडी त्वचा त्यासाठी उपयोगी पडते. आपल्याकडे भरपूर ऊन असूनही ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते, म्हणून मला हा लाभ सर्वांत अर्थपूर्ण वाटतो.

ओमेगा-३ विषयी मात्र प्रमाण सांभाळले पाहिजे. अंड्यातील मूळची मात्राच अल्प असते, त्यामुळे ती दुप्पट झाली तरी बांगडा किंवा तारली खाणाऱ्या घराला त्यासाठी अंड्यावर अवलंबून राहण्याची गरज नाही. जे मासे खात नाहीत, त्यांच्यासाठी ती भर निश्चितच उपयोगाची आहे.

मांसाच्या बाबतीत मोकळ्या पक्ष्यात चरबी कमी असते आणि मांड्यांचे स्नायू रोजच्या चालण्यामुळे घट्ट व गडद होतात. अतिवेगाने वाढणाऱ्या ब्रॉयलरच्या छातीच्या मांसात पांढऱ्या रेषा पडणे किंवा ते लाकडासारखे कडक होणे असे दोष जगभर दिसू लागले आहेत. सावकाश वाढणाऱ्या पक्ष्यात ते सहसा दिसत नाहीत. चव अधिक असते ती वयामुळे. सहा महिन्यांच्या पक्ष्यात स्नायूंचा रस आणि हाडांभोवतीचे संयोजी ऊतक पूर्ण तयार झालेले असते, आणि म्हणूनच गावरान कोंबडीचा रस्सा अंगाने दाट आणि खोल चवीचा होतो. तो मंद आचेवर तास-दीड तास शिजवला पाहिजे. ब्रॉयलरच्या मापाने २० मिनिटांत उतरवलेली गावरान कोंबडी चिवट लागते आणि दोष विनाकारण पक्ष्याला दिला जातो. वडे-सागोतीसाठी सहा-आठ महिन्यांचा नर योग्य ठरतो. दोन वर्षांची, अंडी देणे थांबवलेली कोंबडी मात्र सूपासाठीच राखावी.

विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना. कवचाचा तपकिरी रंग हा जातीवर अवलंबून असतो, पालनपद्धतीवर नाही. बलकाचा गडद केशरी रंग गवत-पाल्यातील रंगद्रव्यांमुळे येतो हे खरे, परंतु खाद्यात झेंडूचा अर्क मिसळूनही तोच रंग आणता येतो. तेव्हा रंग हा पुरावा मानू नये. शक्य असेल तर कोंबड्या जेथे चरतात ती जागा स्वतः पाहावी.

आणखी एक बाब गंभीरपणे घ्यावी. मोकळी कोंबडी माती उकरून खाते, म्हणजे मातीत जे असेल ते अंड्यात उतरते. जुना रंग खरवडून टाकलेली जागा, भंगार, बॅटऱ्या, प्लास्टिक जाळल्याची राख, अशा ठिकाणी चरणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांत शिसे आणि डायॉक्सिनसारखी घातक द्रव्ये आढळलेली आहेत. शहरालगतच्या कचरा टाकल्या जाणाऱ्या रिकाम्या जागेवर फिरणारी कोंबडी केवळ मोकळी आहे म्हणून पौष्टिक ठरत नाही.


दूरदेशी शेतीप्रेमी, पेनसिल्व्हेनिया

नमस्कार. मी गेली काही वर्षे अमेरिकेत राहत असून येथील लहान शेतांवर अंडी घेण्यास नेहमी जातो, म्हणून एक हिशेब सुचवतो. येथे नुसते मोकळे आणि कुरणावर वाढवलेले, असे दोन वेगळे शब्द वेष्टनावर असतात. पहिल्यासाठी पक्ष्याला बाहेर जाण्याची वाट असली तरी पुरते. दुसऱ्यासाठी एका प्रमाणपत्राच्या अटीनुसार दर पक्ष्यामागे १०८ चौरस फूट हिरवी जागा लागते आणि ती आलटून-पालटून वापरावी लागते. आपला गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे गुंठ्याला १० पक्षी. आपल्या २० गुंठ्यांपैकी मोकळा भाग १० गुंठे धरला तर त्यावर कागदोपत्री १०० पक्षी बसतील, परंतु वर्षातले चार-पाच महिने ती जमीन कोरडी असल्यामुळे मी ३०-४० च्या पुढे जाणार नाही. कोंबड्यांनी जमीन उकरून बोडकी केली की ते कुरण राहत नाही. तेथे फक्त विष्ठा आणि जंत साठतात.

व्हर्जिनिया राज्यातील जोएल सालाटिन या शेतकऱ्याने तळ नसलेला बुटका पिंजरा रोज सकाळी पुढे सरकवण्याची पद्धत लोकप्रिय केली. पक्ष्यांना दररोज ताजे गवत मिळते आणि मागे राहिलेली विष्ठा जमिनीत मुरते. विशेष म्हणजे त्यात बहुधा झपाट्याने वाढणारे ब्रॉयलर जातीचेच पक्षी असतात, तेव्हा डॉक्टरांनी जातीपेक्षा जगण्याच्या पद्धतीला जे महत्त्व दिले ते येथेही खरे ठरते. कोकणातील उतारावर असा पिंजरा ओढणे अवघड जाईल, म्हणून जागेचे नायलॉनच्या जाळीने तीन भाग करून प्रत्येक भाग दोन-तीन आठवडे वापरावा आणि मग त्याला विश्रांती द्यावी.


कातळावरचे घर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतके तपशीलवार उत्तर मिळेल अशी अपेक्षा नव्हती. शेजारच्या तीन घरांशी मी लसीकरणाबाबत बोलले असून ती तयार आहेत. दोन शंका उरल्या आहेत. आमच्या झाडांवर आम्ही फवारणी करत नाही, परंतु कुंपणापलीकडची बाग कराराने दिलेली आहे आणि तेथे मोहोर येऊ लागल्यापासून फेब्रुवारीपर्यंत वारंवार कीटकनाशके फवारली जातात. त्याचा कोंबड्यांवर आणि अंड्यांवर परिणाम होईल का? आणि फेब्रुवारी ते मे या कोरड्या काळात गवताची उणीव कशी भरून काढावी?


निवृत्त पशुवैद्यक, सांगली

ताई, दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो. विहिरीजवळ प्लास्टिकचा कागद अंथरून सहा फूट बाय चार फूट आकाराचा, वीतभर पाण्याचा उथळ वाफा करून त्यात अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगणारे बारीक हिरवे नेचे, वाढवावा. थोडे शेण आणि चिमूटभर सुपर फॉस्फेट एवढ्यावर तो वाढतो आणि रोज किलो-अर्धा किलो निघतो. त्यावर अर्धवट सावली मात्र हवी, कारण एप्रिलच्या उन्हात तो करपतो. त्याच्या जोडीला शेवग्याचा पाला आणि भाजीचे देठ द्यावेत. उन्हाळ्यात काजूच्या दाट सावलीखाली पालापाचोळ्याचा ढीग करून त्यावर सांडपाणी सोडले, तर ओलसर पाचोळ्यात गांडुळे व किडे होतात आणि कोंबड्या दुपारभर तेथेच रमतात. पाण्याची भांडी दिवसातून तीनदा भरावीत. या काळात बलकाचा रंग फिका पडला तर घाबरू नये, जूनमध्ये तो आपोआप परत येतो.

फवारणीची शंका योग्य आहे. बागायतदाराशी बोलून फवारणीचा दिवस आधी कळवण्याची विनंती करावी, त्या दिवशी कोंबड्या खुराड्यात किंवा घरामागच्या भागात ठेवाव्यात, आणि कुंपणालगतचा १५-२० फुटांचा पट्टा संपूर्ण मोहोराच्या काळात जाळीने बंद करावा. फवाऱ्याचे तुषार वाऱ्याने सर्वाधिक त्याच पट्ट्यात पडतात आणि तेथील मेलेले किडे कोंबड्या आवडीने टिपतात. फवारणीनंतर त्या बाजूचे साचलेले पाणी त्यांना पिऊ देऊ नये. द्रवरूप औषधापेक्षाही मला भीती वाटते ती दाणेदार कीटकनाशकांची आणि औषध लावलेल्या बियाण्याची, कारण पक्षी ते धान्य समजून टिपतो आणि त्यांतील काही औषधांचे मोजके दाणेही त्याचा जीव घेण्यास पुरतात. आपल्या घरी भाताच्या रोपवाटिकेसाठी किंवा नारळाच्या आळ्यासाठी असे औषध येत असेल तर ते मातीत नीट गाडले गेले आहे याची खात्री होईपर्यंत कोंबड्या सोडू नयेत, आणि उंदरांसाठी विषारी आमिष ठेवण्याऐवजी पिंजरा वापरावा, कारण विष खाऊन मेलेला उंदीर कोंबड्या चोचींनी फाडून खातात.

सुरुवात ऑक्टोबरमध्ये करावी. पाऊस ओसरलेला असतो, गवत अजून हिरवे असते, आणि आठ-दहा आठवड्यांच्या लसीकरण झालेल्या तलंगा त्या वेळी आणल्या तर त्या जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत अंड्यावर येतात. आणल्यावर पहिला आठवडा त्यांना खुराड्यातच कोंडून ठेवावे, म्हणजे त्यांना घर कळते. त्यानंतर काही दिवस फक्त संध्याकाळी तासभर सोडावे आणि मग दिवसभर.